खाऱ्या पाण्याचा ट्रेलर

विलासराव गेले त्या दुपारी मी त्यांच्याच नावानं खडे फोडत होतो. आमच्या अंगणात त्यांचा ट्रेलर उभा असतो आणि त्याचा पुढचा, गाडीला अडकवायचा आकडा बरोब्बर नडगीच्या उंचीला येतो. वाळत घातलेली चादर काढायला गेलो आणि आकडा असा सणसणीत बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. एका पायावर नाचत मी साडूचा उद्धार करत होतो, तेवढ्यात मंगल, माझी बायको, फोन हातात धरून दारात आली. मला वाटलं, माझ्या शिव्या ऐकून आली. "अहो, भावोजी गेले," ती म्हणाली. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. शालनताई चहा घेऊन उठवायला गेल्या तेव्हा सगळं संपलेलं होतं. मी तिथंच ट्रेलरवर बसलो... शिवी अर्धी तोंडात होती, तिचं काय करावं ते मला कळेना.

विलासराव माझे थोरले साडू. आम्हा दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातल्या. विलासराव जेऊरजवळच्या खेड्यातले, तरुणपणी सोलापुरात येऊन मिलमध्ये फिटर झाले, मिल बंद पडल्यावर चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मागांच्या खडखडाटात उमेदीची वर्षं गेल्यामुळे कान अर्धे कामातून गेलेले. त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलायचं. आमच्या घरात साधी "भाजी वाढू का?" अशी चौकशी चालली तरी गल्लीला वाटायचं भांडण पेटलंय. मी एसटीत कंडक्टर होतो, माझा आवाज मुळातच डेपोभर जाणारा. म्हणून त्यांना माझं बोलणं नीट ऐकू यायचं. आमच्या मैत्रीचं खरं कारण एवढंच, असं शालनताई म्हणतात.

शालनताईंना बघायला विलासराव कोकणात गेले, ती हकिगत आमच्या दोन्ही घरांत तोंडपाठ आहे. गावाला जायला खाडी ओलांडावी लागायची, तरीतून. ज्या माणसानं आयुष्यात विहिरीपलीकडे पाणी पाहिलं नव्हतं, त्याला त्या हलत्या होडीत बसवलं. त्यांनी डोळे मिटले, दोन्ही हातांनी फळी धरली आणि काठ आला तरी सोडेनात. नेमक्या शालनताई काठावर कालवं काढत होत्या. नवरा मुलगा असा डोळे मिटून आलेला पाहून त्या इतक्या हसल्या की हातातली टोपली सांडली. लग्न ठरलं, पण ते हसू विलासरावांना लागलं. सोलापूरच्या पहिल्याच उन्हाळ्यात नव्या नवरीला आपल्या खाडीची आठवण येऊन रडू कोसळलं, तेव्हा हे म्हणाले, "रडू नगंस. एक दिस माज्या सोताच्या होडीत बसवून तुज्या खाडीत तुला फिरवीन." बाईमाणसं अशी वचनं ऐकतात आणि सोडून देतात. शालनताईंनी सोडलं नाही. पुढं संसाराच्या रगाड्यात पोरांची शिक्षणं झाली, लग्नं झाली, पण दर उन्हाळ्यात एकदा तरी त्या विचारायच्या, "होडी कुटवर आली?"

निवृत्तीनंतर होडी आली. जेऊरकडे धरणाच्या फुगवट्याच्या काठी कुणीतरी पर्यटनाचा घाट घातला होता, तो बारगळला, आणि त्याची फायबरची छोटी होडी ट्रेलरसकट विलासरावांनी आणली. त्यांच्या गल्लीत स्कूटर वळताना आरसे घासतात, तिथं ट्रेलर कुठला शिरतोय? म्हणून तो आमच्या अंगणात आला. "आठ दिस ठेवतो साडूभाऊ, लगीच न्हेतो." हे ऐकून मी हो म्हणालो. त्या ट्रेलरनं त्यानंतर आमची तुळस हलवली, माझी स्कूटर रस्त्यावर काढली, मंगलचे पापड गच्चीवर चढवले, आणि आजही तो तिथंच आहे.

होडी आली म्हणून शालनताईंनी हौसेनं माहेरी फोन लावला. त्यांचा मामेभाऊ बाबू खाडीत मासेमारी करतो. त्यानं ट्रेलरचा फोटो मागवला आणि पाहून म्हणाला, "हा तुमचा गोड्या पाण्याचा ट्रेलर. ह्याला खाऱ्या पाण्यात घातलात तर वर्षभरात भंगारवाल्याला द्यायचा. आधी चाकं गंजून धरतील, मग स्प्रिंगचे पाटे, मग सगळाच." झालं! फिटर माणसाला कुणी असं सांगावं? आमच्या सोलापुरात लोखंडाला गंज चढायलासुद्धा आळस येतो, इतकी हवा कोरडी. मीठ लोखंडाचं काय करतं ते विलासरावांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी ट्रेलरचा नट अन् नट सुटा केला. आमच्या अंगणात त्या दिवशी जे पसरलं ते पाहून टपालवाल्यानं विचारलं, "काका, गॅरेज टाकलं का?"

मग ते लोखंडामागं लागले ते लागलेच. सांगाडा घासून चिंचोळीला नेला, वितळलेल्या जस्तात बुडवून काढायला. त्याआधी प्रत्येक नळीला त्यांनी भोकं पाडली, कारण बंद नळी तशीच त्या टाकीत टाकली तर फुटते. मला वाटलं चांगल्या ट्रेलरची चाळण करताहेत. मी ओरडलो, तर म्हणाले, "पानी शिरायचं ते शिरणारच, साडूभाऊ. भाईर पडायला वाट ठिवायची. आत कोंडलं की कुजवतंय." नटबोल्ट सगळे स्टेनलेसचे. मागच्या दिव्यांची पट्टी अशी केली की होडी पाण्यात सोडायच्या आधी काढून ठेवता यावी. आणि सगळ्यात जीव अडकला होता तो चाकाच्या हबमध्ये. आतलं बेअरिंग कोरडं राहिलं पाहिजे, त्यात पाण्याचा थेंब जाता कामा नये. सील चढवायचं, ग्रीस ठासायचं, टोपण ठोकायचं आणि मग मांडी घालून त्या चाकाकडे बघत बसायचं. शालनताई म्हणायच्या, "मी आजारी पडले तवासुदिक यवढं बघत बसला न्हाईत."

हौदाचं प्रकरण सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, ज्या दिवशी येतं तो दिवस सणाचा. आमच्या अंगणात हौद आहे आणि गल्लीतल्या चार घरांची त्यावर अडीनडीची भिस्त असते. विलासरावांच्या डोक्यात आलं की समुद्र लांब आहे, तर समुद्र इथंच करावा. हौदात तळाशी राहिलेल्या पाण्यात त्यांनी खड्या मिठाचं पोतं रिकामं केलं आणि त्यात ट्रेलरचं चाक हबसकट बुडवून ठेवलं. "पानी यायच्या आदी उपसून टाकतो की," म्हणाले. मंगलला सांगायचं ठरलं होतं. मला वाटलं ते सांगतील, त्यांना वाटलं मी सांगेन. आणि नळाला पाणी आलं ते एक दिवस आधी, पहाटे. मंगलनं आनंदानं नळ सोडला, हौद काठोकाठ भरला, आणि उदार मनानं तिनं गल्लीला हाक मारली. सगळ्यांनी कळश्या भरून नेल्या.

सकाळी सगळ्यात आधी पद्मक्का आल्या, समोरच्या. त्यांच्या घरी माग आहेत, बोलणं अर्धं तेलुगू, अर्धं मराठी. हातात चहाचा कप. "अय्यो, इदेंटी अन्ना, हे काय! आमच्या मालकाला बीपी आहे, आणि तुम्ही काय पाजताव?" मागोमाग दुसरीकडून वरणाचं पातेलं आलं. कुणाचा भात, कुणाची भिजवलेली कणीक. पाण्यात मीठ म्हटल्यावर एक आजीबाई हौदाला हात जोडून उभ्या राहिल्या, त्यांना वाटलं काहीतरी चमत्कार झाला. मंगल माझ्याकडे बघत होती, मी विलासरावांकडे बघत होतो, आणि विलासराव? ते हौदात कमरेइतक्या पाण्यात उतरून चाक बाहेर काढत होते. सगळ्यांदेखत त्यांनी टोपण उघडलं. आतलं ग्रीस पांढुरकं झालेलं, दुधाच्या चहासारखं. पाणी शिरलं होतं! गल्ली शिव्या देत होती आणि हा माणूस ऐकू येत नसल्यामुळे हसतमुखानं म्हणत होता, "बगा, हितं कळलं त्ये बरं झालं. तितं कळलं असतं तर?" पुढच्या पाण्याच्या दिवसापर्यंत मी टँकरवाल्याच्या विनवण्या करत हिंडलो. मंगलनं माझ्याशी अबोला धरला, त्यांच्याशी नाही. त्यांच्याशी अबोला धरून उपयोग काय, त्यांना तो कळलाच नसता.

ट्रेलर तयार झाला तेव्हा मात्र देखणा झाला होता, खोटं कशाला बोलू. रुपेरी, चकचकीत. येणारा-जाणारा मागू लागला. कुणाला कडबा आणायचा, कुणाला लग्नाची भांडी न्यायची. विलासरावांनी कुणाला हात लावू दिला नाही. जयंतीच्या मिरवणुकीला आमच्या पोरांनी मागितला तेव्हा मात्र नाही म्हणवेना. बाबासाहेबांच्या कामाला नाही कसं म्हणणार? पण खिळा ठोकायचा नाही, सुतळीनंच बांधायचं, अशी अट घातली, आणि निळा फेटा बांधून हातात फडकं घेऊन सगळ्या मिरवणुकीत ट्रेलरच्या मागोमाग चालले. गुलाल पडला की पुसायचे. पोरं त्यांना "काका, नाचा की!" म्हणत होती, आणि हे चाकाला हात लावून बघत होते, तापलंय का ते.

आणि मग एका थंडीत आम्ही निघालो. जेऊरचा पुतण्या संजय जीप घेऊन आला. शालनताईंनी नवं लुगडं घेतलं होतं, खास होडीत बसायला. मंगलनं दशम्या बांधल्या. घाट उतरताना विलासराव दर चढउताराला जीप थांबवून हबला हात लावत होते, त्यामुळे जिथं जेवायला पोचायचं तिथं आम्ही चहाला पोचलो. खाडीच्या उतारावर बाबू सगळं गाव घेऊन उभा होता. सोलापूरचे पाहुणे होडी घेऊन येताहेत, ही त्यांच्यासाठी करमणूकच होती! मी माझ्या धंद्याच्या सवयीनं मागं उभा राहिलो आणि संजयला ओरडू लागलो, "येऊ दे... येऊ दे... येऊ दे..." चाकं पाण्यापासून हातभर राहिली आणि विलासराव किंचाळले, "बास!"

ते खाली उतरले. पाण्याच्या कडेला उकिडवे बसले. बोट बुडवून तोंडात घातलं. "लई खारट हाय," म्हणाले. सगळा काठ खदखदून हसला. बाबू म्हणाला, "दाजी, समुद्र आहे तो!" पण विलासराव हसले नाहीत. "आपल्या हौदापरीस लई जास्त हाय," असं मला म्हणाले, आणि चेहरा बघितला तर पार उतरलेला. "आज नगं. यवढा केलाय... मीठ लागंल की त्याला." मी म्हणालो, "अहो, मिठासाठीच केलाय ना?" त्यांना ऐकू गेलं. मी ओरडलो तर सगळ्या गावाला ऐकू गेलं. तरी ते जागचे हलले नाहीत. बाबूनं तोडगा काढला, गडी बोलावले, होडी हातांनी उचलली आणि पाण्यात सोडली. "चला ताई, बसा." शालनताई काठावरच्या दगडावर हाताची घडी घालून बसल्या. "ट्रेलरवरनं पाण्यात उतरंल तवाच बसंन. असं उचलून ठिवलेलं मला न्हाय चालायचं. माणसानं बोलल्यालं करावं."

आणि तेवढ्यात भरती सुरू झाली. पाणी वीतभर पुढं आलं की विलासराव संजयला हाक मारायचे, आणि आम्ही ट्रेलर वीतभर वर घ्यायचो. पुन्हा पाणी, पुन्हा आम्ही. दिवस मावळेपर्यंत आम्ही असे समुद्रापुढं माघार घेत राहिलो. खाली होडी डुलतेय, दगडावर बायको बसलीय, आणि हा माणूस रुपेरी ट्रेलरपुढं दोन्ही हात पसरून उभा. शेवटी दगडाला पाणी लागलं तेव्हा शालनताई उठल्या आणि सरळ जीपमध्ये जाऊन बसल्या. नव्या लुगड्याचा काठसुद्धा भिजला नव्हता. परतीच्या वाटेवर पाटणपर्यंत कुणी बोललं नाही, आणि पाटणनंतर त्या जे बोलायला लागल्या ते सोलापूरची वेस येईस्तोवर थांबल्या नाहीत.

घरी आल्यावर पाण्याच्या दिवशी विलासराव पाइप घेऊन हजर. समुद्रातून आलेला ट्रेलर गोड्या पाण्यानं धुवावा लागतो. "अहो, समुद्र बघून आलाय फक्त," मी म्हणालो. "वारं खारं हुतं," ते म्हणाले, आणि पाट्यापाट्यात पाणी मारत बसले. पुढं प्रत्येक पाण्याच्या दिवशी हे चालू राहिलं. पुढची थंडी आली, त्यांनी सीलं बदलली. त्याच्या पुढची आली, रबराचे रोलर बदलले. शालनताईंनी विचारणं सोडून दिलं, आणि आमच्या घरातल्या सगळ्यांना त्याचंच वाईट वाटलं.

मी चिडका माणूस. एकदा त्यांना चांगलंच धारेवर धरलं. "विलासराव, काय चाललंय हे? त्या बाईनं जन्मभर वाट पाहिली. एकदा बुडवा आणि मोकळे व्हा की!" त्यांनी फडक्यानं हबचं टोपण पुसून पुन्हा बसवलं. मग म्हणाले, "साडूभाऊ, पाण्यात घातला आन आत पानी शिरलं, तर मी तिला काय सांगू? आता निदान करतोय म्हून तरी सांगता येतंय." ह्या माणसाला समुद्राची भीती नव्हती हो. आपलं काम उघडं पडेल, शब्द पोकळ निघेल, याची होती. माझा राग कुठल्या कुठं गेला. मी म्हणालो, "पुढच्या थंडीत नक्की." ते म्हणाले, "व्हय, नक्की." ...ती थंडी आली, आणि ते दुपारी जेवून आडवे झाले.

विलासरावांच्या मागं करायचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. मी मनात म्हणत होतो, आता ह्या ट्रेलरचं काय करायचं? एका सकाळी शालनताई दारात. पांढरी साडी, पायात चप्पल, हातात तेच लुगडं, घडी न मोडलेलं. "दाजी, ट्रेलर काढा." मंगल म्हणाली, "ताई, अगं लोक काय म्हणतील? अजून महिना..." "लोकांनी मिठाचा च्या पिलाय त्यांच्यापायी, आता काय म्हणायचं राहिलंय?" मी संजयला फोन लावला.

तोच उतार, तोच बाबू. ह्यावेळी काठावर कुणी हसत नव्हतं. शालनताईंनी बाबूच्या घरी जाऊन ते लुगडं नेसलं आणि येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मी दिव्यांची पट्टी काढून ठेवली आणि मागं गेलो. "येऊ दे... येऊ दे..." चाकं पाण्याच्या कडेला आली आणि माझीच जीभ अडली. खरंच सांगतो, मला "बास!" ऐकू आल्यासारखं झालं. संजयनं ब्रेक दाबला. तेव्हा बाजूनं शालनताई अशा ओरडल्या की अर्धा बहिरा माणूससुद्धा उठून बसला असता, "येऊ दे!" चाकं पाण्यात गेली. टायर बुडाला, हब बुडाला, पाटे बुडाले, रुपेरी सांगाडा हिरव्या पाण्याखाली दिसेनासा झाला, आणि होडी आपली आपण उचलली गेली. कुणी हात लावला नाही. शालनताई लुगडं सावरत पाण्यातून गेल्या आणि होडीत बसल्या. मंगलही बसली. बाबूनं होडी खाडीत घातली. मी कमरेपर्यंत भिजून तो ट्रेलर धरून उभा होतो, जणू तो पळूनच जाणार होता. लांबून दोघी बहिणींचा आवाज येत होता, काय बोलत होत्या कळलं नाही. हसत होत्या एवढं कळलं.

होडी परत आली, ट्रेलर वर ओढला. नळ्यांच्या भोकांतून पाणी भळाभळा बाहेर पडलं, त्यांनी वाट ठेवली होती ना. आता हब उघडायचा होता. त्यांचा पेचकस मी आणला होता, पण तो मी आधी दोनदा सदऱ्याला पुसला. आत दुधाच्या चहासारखं काही दिसलं असतं तर मी काय सांगणार होतो त्या बाईला? टोपण निघालं. शालनताईंनी मला बाजूला केलं आणि बोट आत घातलं. बोटावर ग्रीस आलं, तुपाच्या रंगाचं, स्वच्छ. दुसरं चाक उघडलं, तिथंही तसंच. एक थेंब शिरला नव्हता. त्या बोटाकडे बघत राहिल्या. "मग भीत कशाला हुता यवढं?" त्या म्हणाल्या, आणि इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी वावरलेली ती बाई तिथं उतारावर बसून हमसून हमसून रडली. मी पण रडलो. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला, आणि इतका राग आला की तो हे बघायला नाही...

ट्रेलर आता पुन्हा आमच्या अंगणात आहे. मंगलनं एकदाच विचारलं, "आता हलवायचा का?" आणि मी उत्तर द्यायच्या आधीच "राहू दे" म्हणाली. पाण्याच्या दिवशी शालनताई येतात, पाइप लावतात आणि तो धुतात. परवा मी त्यांना बादली द्यायला गेलो आणि आकडा पुन्हा नडगीवर बसला, जुन्याच जागेवर. तोंडून विलासरावांच्या नावाची शिवी निघाली आणि मी ओशाळून जीभ चावली. शालनताईंनी पाइप खाली केला नाही, मान वळवली नाही. पाट्यांवर पाणी मारता मारता म्हणाल्या, "जोरात बोला की, दाजी. त्यांना हळू बोलल्यालं ऐकू येतंय व्हय?"